अक्काचा फणस आणि आमचं नेट

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मुलीला नाही — आणि जिला सांगायला हवं होतं तिला तर मुळीच नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्हाला सांगणं सोपं आहे. तुम्ही काही आमच्या वाडीत येऊन शांताक्काच्या अंगणात उभे राहणार नाही. तिथं उभं राहून तोंड उघडायची हिंमत माझ्यात असती, तर मी हे लिहीत कशाला बसलो असतो?

आणि आधीच सांगतो, मी चिडलेला आहे. मी तसा चिडकाच. घरात म्हणतात, नारायणच्या नाकावर राग असतो. पण हा राग वेगळा. इतकी वर्षं तो मी दुसऱ्यांवर काढला. आता काढायला दुसरं कुणी उरलेलं नाही.

आमची वाडी जोयडा तालुक्यातल्या कुंभारवाडा गावाहून आत, रानात. बस आली तर आली. मोबाइलला रेंज हवी असेल तर मागच्या टेकडीवर जाऊन हात वर करून उभं राहायचं. अशा ठिकाणी घरात नेट येणार म्हटल्यावर आम्हाला काय वाटलं असेल? तेही सुखासुखी आलं नाही. खांब रोवायचे तर परवानगी नाही, चर खणायचा तर परवानगी नाही. हा वाघांचा मुलूख. वाघाला कुठंही फिरता येतं, आम्हाला एक खांब उभा करता येत नाही! शेवटी केबलवाल्यानं ती काळी वायर झाडाझाडाला बांधत आणली. आमच्या घरापाशी पोचायच्या आधीचं शेवटचं झाड म्हणजे शांताक्काचा फणस.

शांताक्का आमची शेजारीण. नात्यानं कुणी नाही, पण मला कळायला लागल्यापासून तिला अक्काच म्हणतो. नवरा कधीच गेला. मुलगी लग्न होऊन गोव्यात. घर, थोडं भात आणि तो फणस. फणस म्हणजे तिचं सगळं होतं. कोवळा फणस उकडून ती त्याचे पापड करायची. उन्हाळाभर अंगणात चटया पसरलेल्या असायच्या आणि अक्का हातात काठी घेऊन माकडांना शिव्या घालत बसलेली असायची. पापड रामनगरच्या बाजारात जायचे, त्यावर तिचा पावसाळा निघायचा. आणि तिथं जायच्या आधी एक पत्र्याचा डबा भरून आमच्या घरी यायचा. दर वर्षी. न मागता.

त्या डब्याकडे मी परत येणार आहे. यावंच लागेल.

वाडीत पहिलं कनेक्शन माझं. शाळेपुरता मी मामाकडे खानापूरला होतो, चार बुकं शिकलो, म्हणून कुणाला कागद वाचून हवा असेल, फोन बिघडला असेल, तर लोक माझ्याकडे येतात. केबलवाल्यानं पडवीच्या भिंतीवर तो पांढरा राउटर बसवला, दिवे हिरवे झाले, आणि नेट असं पळालं की काय सांगू! निम्मी वाडी पडवीत. पासवर्ड मी सगळ्यांना दिला. मोठेपणा हो, दुसरं काय? अक्का गोव्यातल्या मुलीशी पहिल्यांदा चेहरा बघून बोलली ती तिथंच. फोनमधल्या नातवाला हात लावायला गेली आणि फोनच बंद झाला.

मग पाऊस लागला. जोयड्याचा पाऊस ज्यानं काढला नाही त्याला मी काय सांगणार? भिंती पाझरतात. कपाटातल्या कपड्यांना बुरशी धरते, चामड्याच्या चपलेवर हिरवं रान उगवतं. आधीच्या वर्षी आमचा टीव्हीचा डबा याच ओलीनं मेला होता. इथं ज्या वस्तूला ओल लागू द्यायची नाही ती चुलीवरच्या ताटीवर जाते. चुलीच्या वर बांबूची ताटी टांगलेली असते, खाली दिवसभर विस्तव. बियाणं, मिरच्या, सुकी मासळी, काड्यापेट्या, मुलांचे दाखलेसुद्धा — सगळं तिथं. माझ्या आजोबांनी तसंच केलं, बापानं तसंच केलं.

मी राउटर ताटीवर ठेवला.

हसलात? हसा. केबलवाल्यानं पडवीत जादा वायर गुंडाळून ठेवली होती, ती मी आतपर्यंत ओढली आणि एका बाजूला बियाण्याचा डबा, दुसऱ्या बाजूला अक्काच्या पापडांचा पत्र्याचा डबा, मधे राउटर असा छान बसवला. खाली चूल. कोरडा राहिला, अगदी ठणठणीत कोरडा. स्वतःवर खूश झालो होतो मी.

आणि नेट मेलं. एकदम मेलं असतं तर बरं झालं असतं — तसं नाही. रखडायला लागलं. सकाळी जरा बरं, स्वयंपाक सुरू झाला की गाळात. फोनवर ते गोल गोल फिरायचं आणि माझी तळपायाची आग मस्तकात जायची. पैसे कसले घेता? जाहिरातीत विजेच्या वेगानं म्हणता, हा वेग? टेकडीवर जाऊन कंपनीला फोन केला तर कुणी बाई कन्नडमध्ये, मग हिंदीत, एक दाबा दोन दाबा. मी पावसाला धरलं. मी जंगल खात्याला धरलं. मग म्हटलं, वाडीतली सगळी पोरं माझ्या नेटवर सिनेमे बघतात म्हणून होतं — पासवर्ड बदलला, चार घरांशी भांडलो. बायकोला, सुनंदाला, मालिका बघते म्हणून बोललो. वेग तसूभर वाढला नाही. मी सोडून सगळ्या जगावर खापर फोडून झालं होतं.

त्याच पावसात मयुरीची मुलाखत आली. मयुरी माझी मुलगी. बेळगावच्या एका दवाखान्यात नर्सचं शिक्षण होतं, राहण्याची सोय होती, आणि मुलाखत फोनवर, चेहरा दाखवून. तिनं आठवडाभर आरशापुढं उत्तरं म्हटली होती. टेकडीवर जाऊ म्हणाली, पण बाहेर मुसळधार. मी म्हटलं, घरात नेट असताना पोरगी पावसात कशाला भिजेल? पडवीत खुर्ची मांडली, मागं चांगली चादर लावली. आत सुनंदा भात शिजवत होती. दोन प्रश्न झाले आणि समोरच्या बाईंचा चेहरा थिजला. आवाज तुटायला लागला. मयुरी नुसती "मॅडम, ऐकू येतंय का, मॅडम," म्हणत राहिली. मग तेही बंद. नंतर कळलं, जागा भरली.

ती रडली नाही. खुर्ची आत नेऊन ठेवली, चादर घडी केली. मला ते बघवेना.

मी भिजत टेकडीवर गेलो, केबलवाल्याला फोन लावला आणि असं तोंडसुख घेतलं की बोलायची सोय नाही. तो बिचारा ऐकून घेत होता. मग त्यानं एकच विचारलं — "बॉक्स म्या बसवलाय तिथंच हाय न्हवं?"

मी म्हणालो, "व्हय. तिथंच हाय."

का? सांगा ना, का खोटं बोललो मी? मला तेव्हा ठाऊक नव्हतं की ताटीमुळं काही होतं. खरंच नव्हतं. पण त्याच्या विचारण्यात मला असं ऐकू आलं की चूक माझी असेल. माझी? मी पैसे भरणारा, माझ्या पोरीचं वर्ष गेलेलं, आणि हा मलाच विचारतो? म्हणून म्हणालो, तिथंच आहे. एका शब्दाचं काम होतं. "न्हाई, चुलीवर हाय." एवढं म्हटलं असतं तर तो हसला असता, आणि अक्काचा फणस आज उभा असता.

बॉक्स जागेवरच आहे म्हटल्यावर तो तरी काय सांगणार? म्हणाला, मग वाटेत कुठं फांद्या घासत असतील, वायर ओढली जात असेल, पाऊस उघडला की येऊन बघतो. तो येईपर्यंत थांबायला मला सवड कुठली? मी छत्री घेऊन वायरीखालून चालत गेलो. वायर फणसाच्या तीन जाड फांद्यांमधून गेली होती आणि वाऱ्यावर हलत होती. झालं! मला गुन्हेगार सापडला.

अक्का दारात तांदूळ निवडत होती. मी म्हटलं, फांद्या तोडायच्या. ती म्हणाली, "तोड की, पर आत्ता नगं. पावसाचं तोडलं की पानी मुरतंय बघ आत. दसरा हू दे." बरोबरच होतं तिचं. पावसात झाडाला कोयता लावू नये हे वाडीतलं शेंबडं पोरही सांगेल. मलाही ठाऊक होतं. पण मी पडवीतली ती रिकामी जागा बघून आलो होतो. मी म्हणालो, "तुज्या पापडापायी माज्या पोरीचं वर्स बुडालं, अक्का."

तिच्या हातातलं सूप तसंच राहिलं. ज्या बाईचे पापड मी जन्मभर खाल्ले तिला मी असं बोललो, आणि बोलून छत्री उघडून घरी आलो. जेवलोसुद्धा. बहुतेक पापडही होता पानात.

मयुरी त्यानंतर खानापूरला तिच्या मामाकडे, सुनंदाच्या भावाकडे गेली, इथं नको वाटतं म्हणाली. आणि गणपतीची चवथ तोंडावर आली तेव्हा एक दिवस अक्काच आमच्या दारात आली. म्हणाली, "तोड बाबा. पोरीपरीस झाड मोठं न्हाई." मला तेव्हाही वाटलं, आलं एकदाचं डोक्यात! एवढा माजलो होतो मी.

मीच चढलो. तीनही फांद्या बुंध्यापासून छाटल्या. फणस खोडाला आणि जाड फांद्यांनाच लागतो, त्या तीन फांद्यांवर तिचं निम्मं पीक होतं. चीक पावसाच्या पाण्याबरोबर खोडावरून ओघळत होता. अक्का बघायला बाहेर आली नाही.

आता नीट ऐका. त्याच दिवशी इकडं सुनंदानं चवथीची साफसफाई काढली होती. चवथीच्या आधी आमच्याकडे चूलसुद्धा सारवतात, ताटी खाली उतरवून धुतात. ताटीवरचं सगळं तिनं पडवीत आणून मांडलं. राउटर खिडकीत ठेवला, आणि भावाच्या घरी फोन करायचा म्हणून तिथंच पिन लावली. मी कोयता घेऊन घरी आलो तर फोनवर मयुरी! चेहरा स्वच्छ, आवाज स्वच्छ, मागं मामाची कोंबडी दाणे टिपताना दिसत होती.

मी ओरडलो. खरंच ओरडलो. शेजारपाजारचे आले. अक्काही आली. तिनं फोनमध्ये मयुरीला बघितलं आणि तिच्या डोळ्याला धार लागली. "बग ग बाई," ती मयुरीला म्हणाली, "माज्याच झाडानं अडवलंवतं तुला. मला कळलंच न्हाई." सगळे म्हणाले, नारायणनं बरोबर ओळखलं. कुणीतरी पाठीवर थाप मारली.

थांबा, अजून माझं पाप सांगायचं आहे. इथवर मी गाढव होतो. गाढवपणाची कबुली द्यायला कुणाला कागद लागत नाही.

चवथ झाली. सुनंदानं ताटी परत टांगली आणि सगळं होतं तसं वर ठेवलं, राउटरसकट. संध्याकाळी मी फोन लावला — गोल गोल. मला वाटलं, दुसरी फांदी असेल. पडवीत गेलो, चुलीपाशी आलो, परत गेलो. चुलीपाशी उभं राहून, हात वर करून, फोन राउटरला जवळजवळ चिकटवला, तर तिथं बरं चाललं. पडवीत नाही. मग सुनंदा शेतात गेली तेव्हा मी राउटर उतरवला. हाताला चटका बसला, इतका तापलेला. खिडकीत ठेवला, थोड्या वेळानं — पळालं. परत वर ठेवला, खाली विस्तव, दोन्ही बाजूंना पत्र्याचे डबे — रखडलं. असं किती वेळा केलं! जणू एखाद्या वेळी तरी उत्तर बदलेल. बदललं नाही.

मग वाचलं, विचारलं. आता मला सगळं समजतं, आणि त्या समजण्याचाच मला संताप येतो. आमच्याकडे डोंगरातल्या झऱ्यावरून पाइपनं घरात पाणी येतं. घरातली तोटी तुंबली तर झरा खणायला कुणी जात नाही. नेटचंही तेवढंच. कंपनी जो वेग सांगते तो दारापर्यंतच्या वायरीचा. तिथून फोनपर्यंत ते हवेतून जातं, आणि तिथं भिंत जाड असली, मधे पत्रा असला, राउटर तापला, एका वेळी दहा फोन ओढत असले, की रखडतं. आणि बाहेरच्या त्या काळ्या वायरीच्या आत असते ती काचेची तार फांदी घासल्यानं हळू होत नाही. फार पिळली, मोडली, तर गोष्ट वेगळी. आमची तशी काही झालेली नव्हती, केबलवाल्यानं पुढं येऊन तपासली तेव्हा तोच म्हणाला. राउटरजवळ उभं राहून एकदा बघायचं, लांब जाऊन एकदा बघायचं, घरातली चूक की बाहेरची ते कळतं. माझ्या स्वयंपाकघरात चार पावलं चालायचं काम होतं. ते न करता मी झाडावर चढलो!

अक्काच्या पापडांचा डबाच आड आला होता, हे कळलं तेव्हा मला हसू आलं. हो, आलं.

तेव्हा सांगायचं होतं. फणस अजून जिवंत होता, पण ते राहू द्या. अक्काला सांगायचं होतं की पोरीचं वर्ष तुझ्या झाडानं नाही बुडवलं, मी बुडवलं. मी काय केलं? राउटर खिडकीत ठेवला आणि सुनंदाला म्हटलं, इथंच बरा दिसतो. तिला कळलं असेल का? तिनं माझ्याकडे जरा वेळ बघितलं आणि ताटीवरच्या रिकाम्या जागेत मिरच्या सरकवल्या. मीही विषय काढला नाही.

पुढच्या पावसात छाटलेल्या जागा काळ्या पडल्या. पाणी आत मुरलं, अक्का म्हणाली होती तसंच. आधी शेंडा वाळला, मग खोडात पोकळी झाली, आणि एका वाऱ्यात उरलेलं झाड तिच्या गोठ्यावर आडवं झालं. गोठ्यात गुरं नव्हती एवढंच. लाकूड मी चिरून दिलं, तिनं मला दुवा दिला. दुवा! आता तिच्या अंगणात चटया नसतात. पावसाळ्याच्या आधी ती दुसऱ्यांच्या काजूच्या बागेत वेचायला जाते, या वयात, कमरेत वाकून. आमच्याकडे पापडांचा डबा येत नाही. पहिल्या वर्षी ती सांगायला आली होती, औंदा न्हाई रे नारायण, म्हणून. माझी माफी मागितल्यासारखं.

आणि हे एवढ्यावरही थांबलं नाही. बाजारकुणंग गावाकडच्या एकानं नेट रखडतं म्हणून आंबा छाटला, का तर कुंभारवाड्याकडच्या नारायणनं फणस तोडला आणि नेट पळालं. त्यानं आधी मला विचारायला फोन केला होता. मी म्हटलं, "बघा तुमी." नाही म्हणालो नाही! एवढंसुद्धा जमलं नाही मला.

मयुरी एक वर्ष उशिरा धारवाडला लागली, आता नोकरीत आहे. म्हणजे तिचं झालं. तिलाही वाटतं की फणसानं अडवलं होतं. सुट्टीत आली की आधी अक्काकडे जाते, काही ना काही घेऊन जाते, झाड गेलं म्हणून. माझी मुलगी माझं देणं फेडतेय आणि तिला ठाऊक नाही. कुणावर चिडू मी आता? कंपनीवर? वाघावर?

अक्का दर रविवारी आमच्या पडवीत येते. खिडकीखाली बसते, मुलीला फोन लावते. फोन झाला की प्रत्येकाला तेच सांगते, माझं झाड आड येत होतं, पोरीचं वर्ष खाल्लं त्यानं, आधीच तोडायला पायजे होतं. मी तिथंच बसलेला असतो.

परवाच्या रविवारी फोन झाल्यावर तिची नजर वर राउटरवर गेली. तो एका बाजूनं तपकिरी पडलाय, धुरानं.

"ह्ये कशानं रं असं झालंय?" तिनं विचारलं.

"जुना झालाय, अक्का," मी म्हणालो.

ती उठली, खिडकीशी गेली आणि पदराच्या टोकानं तो डाग पुसायला लागली. पदराला थुंकी लावून पुसला, नखानं खरवडून बघितला. मग पदर नाकाशी नेला आणि हसली. म्हणाली, "चुलीचा वास येतोय बघ ह्याला. ठिवलावतास काय चुलीवर?"

मी पण हसलो. म्हणालो, "न्हाई, अक्का. चुलीवर कोन ठिवतंय?"